चार गल्ल्या पलीकडची खानावळ

माझ्या बायकोने एका सुदानी बस-ड्रायव्हरला ‘माझ्या जिवा’ म्हटलेलं मी या माझ्या कानांनी ऐकलंय. भर दुपारी, अल क्वोजमध्ये, वीसेक माणसांच्या देखत. हसू नका. तुमच्यावर वेळ आली असती म्हणजे कळलं असतं.

सगळं सांगतो, पण आधी कागदाचं सांगतो, कारण भांडण त्या कागदावरून होतं. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजच्या दारावर एक हापूस आंब्याचं मॅग्नेट आहे. त्याच्याखाली तीन आठवडे एक कागद लटकत होता. बायकोचा फॅमिली व्हिसा कॅन्सल करायचा अर्ज. सत्तावीस वर्षं ती या आखाती देशात माझ्या व्हिसावर राहिली. मी स्पॉन्सर, ती माझी अवलंबित, आणि व्यवसायाच्या रकान्यात हाउसवाइफ. आता मार्चमध्ये मी रिटायर होणार, माझा व्हिसा संपणार आणि आम्ही दोघं सांगलीला जाणार, असं मी धरून चाललो होतो. तिथे फ्लॅट घेऊन ठेवलाय. बाल्कनीत मी पेपर वाचतोय आणि ही चहा आणून देतेय, असे मांडे पाच वर्षं मनातल्या मनात खात होतो. आणि हिने एका संध्याकाळी गवार मोडता मोडता सांगितलं, "दोन्याने मला तिच्या हॉटेलचा व्हिसा देऊ केलाय. मी राहीन म्हणते. तुम्ही या कागदावर सही केलीत की पुढचं ती करील."

"आणि मी?"

"तुम्हीही राहा की. माझ्या व्हिसावर."

गवार मोडण्यात खंड नाही. मी अख्ख्या आयुष्यात कुणाच्या व्हिसावर राहिलो नाही, कंपनीच्या सोडून. बायकोच्या व्हिसावर राहायचं! ऑफिसात कळलं तर ते मलबारी अकाउंटंट मला चहात बुडवून खातील. मी म्हटलं, "बघू." आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. तिलाही ते माहीत होतं. म्हणून तिने तो कागद माझ्या हातात न देता फ्रिजवर लावला. पाणी प्यायला गेलो की डोळ्यासमोर.

दोन्या म्हणजे होंडुरासची एक बाई. ते तिचं नाव नव्हे. त्यांच्यात वयाच्या बाईला मानाने तसं म्हणतात, आपण ‘बाई’ म्हणतो त्यातलं. होंडुरास कुठे आलं हे आजही कुणी नकाशात दाखवायला सांगितलं तर मी अमेरिकेच्या जरा खाली बोट ठेवीन आणि बाकी देवावर सोडीन. ही दोन्या आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. साठीची, ठेंगणी, दंड पैलवानाचे. अल क्वोजमध्ये गॅरेजच्या रांगेत तिचं दहा टेबलांचं हॉटेल आहे. एकदा लिफ्टमध्ये तिची पिशवी फाटली आणि कच्ची केळी सांडली. हिने ती गोळा करून दिली आणि खाणाखुणा करून विचारलं, "तुमच्यातही काप करतात का हो याचे?" झालं. पुढे दोन्याच्या मदतनीस बाईचं मनगट दुखावलं, तेव्हा ही "चार दिवस जाऊन येते" म्हणून गेली. ते चार दिवस दोन वर्षं झाली तरी संपलेले नाहीत.

आणि कामाला लागायला नवऱ्याचं नो-ऑब्जेक्शन लागत होतं, ते कुणी दिलं? मीच. ऐटीत, शाईच्या पेनाने. म्हटलं, मुलगा अबुधाबीला गेला, बाईमाणसाचा वेळ जाईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आता गंमत बघा. मी ज्या गोदामात स्टोअरकीपर होतो ते दोन्याच्या हॉटेलपासून चार गल्ल्यांवर. रोज दुपारी एक वाजता मी पंपांच्या खोक्यांमध्ये बसून डबा उघडायचो. सकाळी साडेपाचला भरलेला. पोळ्या कडेने वाळलेल्या, भाजीचं तेल झाकणाला लागलेलं. जेवलो की बाटलीतलं पाणी ओतून त्याच झाकणात हात धुवायचो आणि झाकण लावून पिशवीत. आणि त्याच वेळी चार गल्ल्या पलीकडे हीच बाई जगभरच्या ड्रायव्हर-मेकॅनिक लोकांना तव्यावरचं गरम वाढत होती. पण दोन वर्षांत मी तिकडे पाऊल टाकलं नाही. ही बोलवत नव्हती असं नाही.

"या की एकदा जेवायला."

"मला ते मेक्सिकन-बिक्सिकन नको."

"मेक्सिकन नाही हो, होंडुरास."

"तेच ते."

मुलगा मात्र अबुधाबीहून गाडी काढून दोनदा जेवून आला. बँकेत आहे तो. मराठी कळतं, पण बोलताना इंग्रजीच. "मॉम इज अ रॉकस्टार देअर, बाबा. यू हॅव टू सी हर." रॉकस्टार! घरात साधा मोबाइल चार्जिंगला लावायचा तर मला हाक मारणारी बाई.

पण माझ्या जिव्हारी खरं लागलं ते वेगळंच. ही एकदा घरी येऊन पाय पसरून बसली आणि म्हणाली, "आज दोनशे थापल्या."

काय थापल्या? तर त्यांच्या त्या रोट्या. मैद्याच्या असतात, पण लाटत नाहीत, हातावर थापतात. आता हिचं माहेर जतचं. लग्न होऊन इथे आली तेव्हा हिच्या हातात ज्वारीची भाकरी अशी फिरायची की जेवायचं सोडून बघत बसावं. आम्ही तेव्हा करामा भागात एका केरळी कुटुंबाबरोबर फ्लॅट शेअर करत होतो. ही परातीत भाकरी थापायला लागली की पलीकडच्या खोलीतलं त्यांचं तान्हं बाळ उठायचं. ते लोक बिचारे एकदाच बोलले, तेही हसत. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हिला म्हटलं, "खलास. उद्यापासून पोळ्या कर. शेअरिंगमध्ये हे बरं दिसत नाही." तिने परात धुतली, पुसली आणि कपाटावर ठेवली. वर्षभरात आमचा स्वतंत्र फ्लॅट झाला, पण परात काही खाली आली नाही. मीही विचारलं नाही. मला वाटलं, विसरली असेल.

ती विसरली नव्हती. माझ्या घरात जी पंचवीस वर्षांत एक भाकरी थापायला तयार नाही, ती परक्यांसाठी रोज दोनशे थापत होती, आणि वर दमून आल्यावर चेहरा असा की सत्यनारायण घालून आलीये. दोन्याचे व्हॉइस मेसेज यायचे, अर्धे हिंदीत, अर्धे त्यांच्या भाषेत. ही फोन कानाला लावून खुदुखुदु हसायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. ती फोन घेऊन आतल्या खोलीत जायची.

तर कागद लटकून तीन आठवडे झाले, आणि एका मंगळवारी दुपारी मला राहवलं नाही. म्हटलं, बघू तरी काय सोनं लागलंय त्या हॉटेलला. खरं सांगायचं तर मी खोड काढायला गेलो. घाण असेल, झुरळं असतील, जेवण बेचव असेल, मग संध्याकाळी फ्रिजसमोर उभं राहून मला चार शब्द सुनावता येतील. डबा टेबलाखाली तसाच ठेवला आणि निघालो.

एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला डेंटिंग-पेंटिंग, मध्ये हे हॉटेल. दारावर निळा-पांढरा झेंडा, त्यावर पाच चांदण्या. आत एसी ठणठणीत आणि फरशी, काय सांगू, चकाचक. प्रत्येक टेबलावर एक काचेची बरणी, तीत व्हिनेगरमध्ये मुरवलेला गुलाबी कांदा, गाजर, मिरच्या. लोक बरणीत चमचा घालून हवं तेवढं घेत होते. वेटर नाही. काउंटरवर जाऊन सांगायचं, आपली प्लेट आपण आणायची, आणि खाऊन झालं की मागच्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर एक लहान खिडकी आहे, तिथे उष्टी प्लेट आपणच सरकवायची. आतून एक हात येतो, ‘ग्रासियास’, म्हणजे थँक्यू, ऐकू येतं आणि प्लेट आत जाते. बस-ड्रायव्हर, नर्स, साहेबलोक, सगळे तेच करत होते.

मी रांगेत उभा राहिलो. पुढे सहा-सात माणसं. काउंटरच्या पलीकडे लांबलचक तवा, त्याच्याशी आमची ही. डोक्याला फडकं, अंगात ॲप्रन. एका ताटात तेल लावून ठेवलेले मैद्याचे गोळे. एक गोळा उचलायचा, दोन्ही हातांत नाचवत थापायचा, फर्रकन् तव्यावर टाकायचा. डोळे तव्यावर, कान गिऱ्हाइकाकडे. तेच हात. तोच आवाज. मला एकदम करामातली खोली आठवली आणि मी इकडेतिकडे बघितलं, कुठलं मूल रडतंय का म्हणून.

तेवढ्यात त्या सुदानी ड्रायव्हरची पाळी आली आणि ही म्हणाली, "क्या दूँ, मी आमोर?"

माझ्या पुढे हॉटेलचा युनिफॉर्म घातलेला एक चाळिशीचा माणूस उभा होता. मी नकळत मराठीत काहीतरी पुटपुटलो असणार, कारण तो वळला. वसईचा निघाला, इथे एका मोठ्या हॉटेलात बँक्वेटला आहे. मी विचारलं, "हे मी आमोर म्हणजे काय हो?"

"माझ्या जिवा, माझ्या राजा, असं काका," तो म्हणाला. "त्यांच्याकडची पद्धतच आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला तसंच बोलतो. दोन्यापण सगळ्यांना म्हणते. पण दोन्याचं नुसतं तोंडातून येतं. ही आपली ताई म्हणते ना, दिवस बरा जातो."

"असं?"

"मराठी आहे ती. हिचा नवरा लकी माणूस असणार, काका."

"असेल," मी म्हटलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. सत्तावीस वर्षांत मला काय मिळालं? ‘अहो’. अहो, दूध संपलंय. अहो, तुमचा फोन वाजतोय. आणि हा बँक्वेटवाला दिवस बरा करून घेतोय! दोन फिलिपिनो नर्सना तिने जीव म्हटलं. एका पोरसवदा पठाण मेकॅनिकला म्हटलं. वसईवाल्याला म्हटलं आणि तो कानापर्यंत हसला. मी मोजत होतो.

माझी पाळी आली. तिचे डोळे तव्यावर होते, हातात गोळा.

"क्या दूँ, मी आमोर?"

मी काउंटरवर दोन्ही हात टेकले. मग तिने हसत वर बघितलं.

ते हसू मला नीट सांगता येणार नाही. लग्नाआधी बघायला गेलो होतो तेव्हा ती पोहे ठेवून आत वळली आणि दाराआड बहिणीला काहीतरी म्हणून हसली होती, तेव्हा ओझरतं दिसलं होतं. त्यानंतर थेट आता. पण ते क्षणभरच. तिने मला ओळखलं आणि चेहरा मिटला. हात ॲप्रनला पुसले. आवाज खाली आला.

"अहो? तुम्ही? काय झालं? बरं वाटत नाही का?"

मला बघून तिला पहिलं हे वाटलं, की काहीतरी वाईट झालंय.

"जेवायला आलोय," मी म्हटलं.

"बसा तुम्ही. मी आणते."

कुणालाच कुणी आणून देत नव्हतं, मला तिने आणून दिलं. बलेयादा म्हणतात त्याला. भाकरीएवढी रोटी, वर काळपट डाग, मधून दुमडलेली. आत लाल राजमा शिजवून, परतून, पिठल्यासारखा घोटलेला, त्यावर आंबट साय आणि खारट पांढरं चीज किसलेलं. सोबत कच्च्या केळ्याचे काप, वर बारीक चिरलेला कोबी. मी बरणीतला कांदा घेतला आणि पहिला घास खाल्ला. वाईट असतं तर किती बरं झालं असतं हो! रोटी मऊ, पण दाताला लागेल एवढा तिच्यात जीव. कडेला जिथे बोटं दाबली होती तिथे खोलगट ठसे. मला ते ठसे ओळखता येत होते. खोड काढायला गेलेल्या माणसाने तीन खाल्ल्या. प्रत्येक घासाला मला वाटत होतं की आपलं काहीतरी चोरीला गेलंय, आणि चोर कोण ते सापडत नव्हतं.

आणि मग तो घोळ झाला. खाऊन झालं, पोट भरलं, डोकं कुठे होतं कुणास ठाऊक. मी समोरची पाण्याची बाटली उचलली आणि प्लेटमध्येच हात धुतले. गोदामात झाकणात धुतो तसे, घरी ताटात धुतो तसे. चूळ थुंकणार होतो, ती तेवढी गिळली. मान वर केली तर आजूबाजूची चार टेबलं माझ्या प्लेटकडे बघतायत. वसईवाला हळूच म्हणाला, "काका, इथे प्लेट आपणच तिकडे..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ही तव्यावरून आली. रांग तशीच उभी. तिने ती पाण्याने भरलेली प्लेट दोन्ही हातांनी उचलली, सांडू नये म्हणून तोल सांभाळत, आणि टेबल पुसलं. रागाने नाही. लाजूनसुद्धा नाही. घरी उचलते तशीच, सवयीने. जाता जाता म्हणाली, "अहो, डबा खाल्लात की राहिला?"

"राहिला."

"संध्याकाळी आणा मग. फेकू नका."

वसईवाल्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग स्वतःच्या प्लेटकडे. आणि प्लेट घेऊन खिडकीकडे गेला. काउंटरपाशी दोन्या कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने हिला काहीतरी विचारलं, हिने खांदे उडवले. दोन्या माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर मी भांडलो असतो. पण तिने नुसती मान हलवली, आजारी पाहुण्याकडे बघून हलवतात तशी.

गोदामात परत आलो, पण हिशेबात लक्ष लागेना. मी ज्याच्यावर जळत होतो तो ड्रायव्हर नव्हता, वसईवाला नव्हता, दोन्याही नव्हती. तिथे रांगेत उभा राहणारा कुणीही परका माणूस माझ्यापेक्षा नशीबवान होता, कारण त्याच्यासमोर ती हसत होती आणि मी दिसलो की थांबत होती. हे कशामुळे, हे विचारायला मला कुणाकडे जायची गरज नव्हती. परात मीच वर ठेवायला लावली होती. आणि आता सही न करता तिला सांगलीला नेलं असतं, तर चहा आला असता, पेपर आला असता, आणि तो मिटलेला चेहरा समोर बसला असता.

संध्याकाळी ती यायच्या आधी मी कागद काढला, ओट्यावर ठेवून सही केली आणि पुन्हा आंब्याखाली लावला. ती आली, पाणी प्यायला फ्रिजकडे गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

"सही केलीय," मी बाहेरूनच म्हटलं.

"बघितली."

"सांगलीचं काय?"

"सांगली कुठे पळून जातेय? दिवाळीला जाऊन येऊ, इन्शाल्ला." मग म्हणाली, "आवडलं का तिथलं?"

"तीन खाल्ल्या, दिसलं नाही का?" मी म्हटलं. आणि मग लाज सोडून विचारलंच, "त्या ड्रायव्हरला काय म्हणालीस, ते मला म्हण की एकदा."

"अय्या!" ती म्हणाली. "ते गिऱ्हाइकांना म्हणायचं असतं. तुम्ही काय गिऱ्हाईक आहात?" आणि चहा ठेवायला गेली.

मार्च होऊन गेला. टायपिंग सेंटरमधल्या माणसाने माझे कागद दोनदा वाचले आणि विचारलं, "स्पॉन्सर वाइफ?" मी म्हटलं, "हो हबीबी, वाइफ. टाइप कर." सांगलीचा फ्लॅट कुलूपबंद आहे. मी बायकोचा अवलंबित आहे. व्यवसायाच्या रकान्यात काही नाही.

रविवारी दुपारी मी बस धरून तिच्या हॉटेलात जातो. रांगेत उभा राहतो, पैसे देतो, बाहेरच्या बेसिनवर हात धुतो. अठरा दिरहॅमला बलेयादा आणि काप, म्हणजे चारशेच्या वर रुपये. गिऱ्हाईक व्हायला आणखी काय करायचं असतं? पण ही आता वर बघूनच विचारते. माझ्या पुढच्याला ‘मी आमोर’, मागच्याला ‘मी आमोर’, आणि मला, "अहो, आलात? कांदा बेताने खा, ॲसिडिटी होते." पोटात दुखायचं थांबलेलं नाही माझ्या. कांद्याने नव्हे.

गेल्या रविवारी मला जेवायला उशीर झाला. गर्दी ओसरली होती, तव्यावर दोन्या होती, ही आत भांड्यांकडे गेली होती. मी खाल्लं आणि प्लेट घेऊन मागच्या खिडकीपाशी गेलो. त्या खिडकीतून माणूस दिसत नाही, नुसते हात दिसतात. कोपरापर्यंत साबणाचा फेस आणि दोन हिरव्या बांगड्या. मी प्लेट आत सरकवली. हातांनी ती घेतली, आणि आतून, घरी कधी न ऐकलेल्या त्या आवाजात आलं, "ग्रासियास, मी आमोर."

मला खोकल्याची उबळ आली होती. माझा खोकला तिने शंभर माणसांत ओळखला असता. मी तोंडावर रुमाल दाबला, खोकला तसाच गिळला आणि पायाचा आवाज न करता तिथून बाहेर पडलो.